ट्यूब अॅम्पला कुठला स्पीकर जोडायचा, ते लेखात राहूनच गेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ट्यूब अॅम्प्लिफायरवरचा, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या अॅम्पवरचा, लेख वाचला. लेख छान होता, फोटो तर फारच मस्त, आणि लिहिणाऱ्याला या विषयाचं वेड आहे हे ओळीओळीत कळत होतं, त्याबद्दल तक्रार काहीच नाही. पण त्यात दोन वाक्यं अशी आहेत की ती वाचून कोणी खरेदीला निघालं तर नंतर डोक्याला हात लावेल, म्हणून हे पत्र. एक वाक्य असं की दहा वॅटचा ट्यूब अॅम्प घरात भरपूर होतो, आणि दुसरं असं की तुमच्याकडे आहेत तेच स्पीकर जोडा, आवाज लगेच उबदार होईल. पहिलं अर्धं खरं आहे. दुसरं खरं ठरेल की नाही हे पूर्णपणे त्या स्पीकरवर आहे, आणि स्पीकरबद्दल अख्ख्या पानभर लेखात तीन ओळी आहेत!

आपल्याला ट्रान्झिस्टर अॅम्पने एक सवय लावून ठेवलीये. अॅम्प वेगळी वस्तू, स्पीकर वेगळी वस्तू, कुठलाही कुठल्याला जोडा, फार तर आवाज थोडा कमी जास्त होईल, बाकी काही बिघडत नाही. हे चालतं कारण ट्रान्झिस्टर अॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेर जाणाऱ्या विजेला अॅम्पच्या आतच होणारा अडथळा, अगदी नगण्य असतो, बहुतेक वेळा ०.१ ओहमच्याही खाली, त्यामुळे समोरचा स्पीकर काहीही नखरे करो, अॅम्प आपलं व्होल्टेज ढळू देत नाही. ट्यूब अॅम्पचं तसं नाही. त्यातही सिंगल एंडेड (म्हणजे एकच ट्यूब अख्खा सिग्नल सांभाळते) आणि फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारणं) नसलेला असेल, म्हणजे लेखात ज्याचे फोटो होते तो ३००बी ट्यूबवाला प्रकार, तर त्याचा आउटपुट इम्पिडन्स ८ ओहमच्या टॅपवर (स्पीकर जोडायच्या मागच्या स्क्रूवर) २ ते ३ ओहम सहज असतो. आता हे २-३ ओहम आणि तुमचा स्पीकर असे एकापुढे एक जोडले गेले, म्हणजे अॅम्पने दिलेल्या व्होल्टेजची वाटणी दोघांत होणार, आणि स्पीकरच्या वाट्याला किती येणार हे स्पीकरचा त्या सुराला किती ओहम आहे त्यावर ठरणार. म्हणजे स्पीकर हा तुमच्या अॅम्पच्या सर्किटचाच एक पार्ट झाला. ट्यूब अॅम्पचा आवाज कसा आहे हे स्पीकरचं नाव न घेता सांगताच येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, स्पीकरच्या मागे तर ८ ओहम लिहिलेलं असतं, मग त्यात बदलायचं काय? तर ते ८ हा एक सोयीचा गोल आकडा आहे. खरा स्पीकर प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा इम्पिडन्स दाखवतो. बंद पेटीचा असेल तर खाली रेझोनन्सला, म्हणजे ज्या सुराला कोन आपणहून सगळ्यात जास्त झुलतो तिथे, एक डोंगर, तिथे २०-३० ओहम सहज जातो, पोर्टवाला (पेटीला भोक असलेला) असेल तर असे दोन डोंगर आणि मधे दरी, मग दीडशे ते तीनशे हर्ट्झच्या पट्ट्यात आकडा एकदम खाली येतो, पुढे क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे वूफरचं काम ट्वीटरकडे जातं तिथे, परत वर चढतो, आणि मग ट्वीटर काय करेल ते त्याचं तो जाणे. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नियमाप्रमाणे सर्वात कमी इम्पिडन्स छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली उतरायला नको. प्रत्यक्षात ८ ओहम छापलेले आणि मधेच ४ च्याही खाली जाणारे स्पीकर बाजारात हवे तेवढे आहेत. ट्रान्झिस्टर अॅम्पवर ही थाप पचून जाते, कोणाला पत्ता लागत नाही. ट्यूब अॅम्प लावला की उघडी पडते.

किती फरक पडतो ते सरळ आकड्यात बघा. समजा अॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स २.५ ओहम आणि स्पीकर एका जागी ४ ओहम आणि दुसऱ्या जागी ३० ओहम. चारच्या जागी स्पीकरला मिळणार चार भागिले साडेसहा, म्हणजे जेमतेम ६२ टक्के व्होल्टेज, तीसच्या जागी तीस भागिले साडेबत्तीस, म्हणजे ९२ टक्के. दोन्हीतला फरक साडेतीन डीबी (डेसिबल, आवाजाचं माप). स्पीकर बनवणाऱ्याने जो फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स महिनोनमहिने बसून सपाट केला त्यावर तुम्ही घरबसल्या साडेतीन डीबीचा टोन कंट्रोल लावला, आणि तोही असा की ज्याची बटणं तुमच्या हातात नाहीत. बरेचदा ज्याला लोक ट्यूबचा उबदारपणा म्हणतात तो हाच असतो: रेझोनन्सच्या डोंगरावर बास वर आला, क्रॉसओव्हरच्या डोंगरावर गळा पुढे आला, बस. कोणाला आवडतो तो, आवडू दे, पण मग स्पीकर बदलला की तो उबदारपणा दुसऱ्याच जागी जाऊन बसतो किंवा गायब होतो, आणि माणूस ट्यूब बदलत बसतो.

बासचं आणखी एक आहे. स्पीकरचा कोन हलला की तो स्वतःच थोडी वीज तयार करतो आणि ती अॅम्पमधून फिरून कोनला ब्रेक लावते, यालाच डॅम्पिंग म्हणतात. वाटेत अॅम्पचे अडीच ओहम आले की ब्रेक ढिला. व्हॉइस कॉइलचा रेझिस्टन्स ६ ओहम धरला तर त्या ड्रायव्हरचा इलेक्ट्रिकल क्यू, म्हणजे ब्रेक किती ढिला आहे त्याचं माप, जवळजवळ १.४ पट होतो, म्हणजे ज्या पेटीचा बास मुळात नीट बसवलेला होता तो आता लोंबायला लागतो. तबल्याचा डग्गा ऐका किंवा डबल बास ऐका, थाप पडल्यावर सूर थांबायला हवा तिथे थांबत नाही, मागे थोडा रेंगाळतो. याच्या उलट लोदरसारखे जोरदार मॅग्नेटवाले फुल रेंज ड्रायव्हर असतात, त्यांचा क्यू मुळातच इतका कमी की त्यांना ट्रान्झिस्टर अॅम्पवर बास जवळपास नसल्यासारखा वाटतो आणि ढिल्या ब्रेकचा ट्यूब अॅम्प लावला की बरोब्बर भरून येतो. म्हणजे आउटपुट इम्पिडन्स जास्त असणं हा दोष आहे असंही नाही, कोणासाठी आहे ते बघायला पाहिजे.

एका मित्राकडचं सांगतो, कारण लेखातलं दुसरं वाक्य तिथे शब्दशः तपासून झालं. त्याच्याकडे ३००बी चा आठ वॅटचा अॅम्प आला आणि स्पीकर आधीचेच, छोटे, स्टँडवर ठेवायचे टू वे, मागे ८ ओहम लिहिलेले. साहजिकच त्याने ८ च्या टॅपला जोडले. बाईचा आवाज आणि तानपुरा लावला तेव्हा खोलीत सगळे खूष, खरंच सुंदर वाटत होतं. मग त्याने पियानो लावला आणि डाव्या हाताचे ठरावीक दोन-तीन सूर बाकीच्यांपेक्षा फुगून यायला लागले, दर वेळी तेच सूर, वाजवणारा कोणीही असो. तो म्हणाला ट्यूब अजून रुळायच्या आहेत. मी म्हटलं अॅम्प बंद कर, पाच मिनिटं थांब, आणि दोन्ही चॅनलच्या वायरी ८ वरून काढून ४ च्या टॅपला लाव. परत चालू केला तर आवाज थोडा कमी झाला, तो व्हॉल्यूमने भरून काढला, आणि ते फुगलेले सूर बऱ्यापैकी रांगेत आले. संपले नाहीत, पण रांगेत आले. ४ च्या टॅपवर अॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स अर्धा होतो, अडीचचा सव्वा, आणि वरच्याच हिशोबात साडेतीन डीबीचा फरक दोन डीबीवर येतो. एक पैसा खर्च नाही. त्यानंतर त्याने ट्यूबांची चौकशी करणं थांबवलं आणि स्पीकरची सुरू केली, ते बरं झालं.

हे टॅप म्हणजे काय ते लेखात यायला हवं होतं, कारण अॅम्पच्या मागे ४, ८, १६ असे स्क्रू असतात आणि नवीन माणूस ते बघून गोंधळतो. ट्यूबला हजारो ओहमचा लोड लागतो आणि स्पीकर असतो आठाचा, मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसतो, तो सायकलच्या गिअरसारखा. ५००० ओहम हवेत आणि स्पीकर ८ चा, तर भागाकार ६२५, त्याचं वर्गमूळ २५, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण पंचवीसास एक. आता ह्याच ८ च्या टॅपला कोणी ४ ओहमचा स्पीकर लावला तर ट्यूबला ५००० च्या जागी २५०० दिसणार आणि डिस्टॉर्शन वाढणार. उलट ८ चा स्पीकर ४ च्या टॅपला लावला तर ट्यूबला १०००० दिसणार, वॅट थोडे कमी पण डिस्टॉर्शनही कमी आणि डॅम्पिंग जास्त. म्हणून शंका असेल तर खालच्या टॅपपासून सुरुवात करावी आणि मग कानाने ठरवावं. स्पीकरवर लिहिलंय तोच टॅप असा काही कायदा नाही.

आता ते दहा वॅट भरपूर होतात का ते बघू. वॅटचा प्रश्न सेन्सिटिव्हिटीशिवाय विचारण्यात अर्थच नाही, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डीबी आवाज येतो. ८७ डीबीचा स्पीकर घ्या, आठ वॅट दिले तर नऊ डीबी वर, म्हणजे एक मीटरवर ९६. आपण बसतो तीन मीटरवर, तिथपर्यंत येताना मोकळ्या हवेत साडेनऊ डीबी गळतात, खोलीच्या भिंती थोडे परत देतात, दुसरा स्पीकर तीन देतो, असं धरून ९० च्या थोडं वर हातात येतं. आता तुम्ही ७० च्या आसपास ऐकता म्हणाल तर ठीक, पण चांगल्या रेकॉर्डिंगमधे सरासरीच्या वर पंधरा वीस डीबीचे झटके येतात. गाणं, गझल, दोन-तीन वाद्यं, चालून जाईल. पूर्ण ऑर्केस्ट्रा लावलात आणि जरा नॉब वर नेलात की अॅम्प हात टेकणार. हाच अॅम्प ९७ डीबीच्या स्पीकरवर लावा, दहा डीबीचा फरक म्हणजे तुमच्या आठ वॅटचे ऐंशी वॅट झाल्यासारखं आहे. अॅम्पमधून ऐंशी वॅट काढायचे तर केवढे ट्रान्सफॉर्मर लागतात ते बघा म्हणजे स्पीकरमधून दहा डीबी मिळवणं किती सोपं ते कळेल. आणि आणखी सोपा उपाय म्हणजे खुर्ची पुढे घ्या, तीन मीटरच्या जागी दीड मीटरवर बसलात तर सरळ स्पीकरकडून येणारा आवाज सहा डीबीने वाढतो, म्हणजे चौपट पॉवर फुकट.

ह्यात एक मेख आहे, तीही सांगतो. स्पेसिफिकेशनमधे बहुतेक कंपन्या आता एक वॅट लिहीत नाहीत, २.८३ व्होल्ट लिहितात. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोब्बर एक वॅट, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात. म्हणून ४ ओहमचा ९० डीबी छापलेला स्पीकर ट्यूब अॅम्पच्या दृष्टीने ८७ चाच समजायचा, कारण ट्यूब अॅम्प काही ४ ओहमला दुप्पट वॅट देत नाही, टॅप बदलून तेवढेच देतो. दोन डीबी, तीन डीबी म्हणून हसण्यावारी नेऊ नका, तीन डीबी म्हणजे अर्धा अॅम्प गेला.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे. ३००बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकची ट्यूब १९३० च्या दशकात थिएटरच्या साउंडसाठी वापरात आली, आणि आठ वॅटमधे हॉल भरायचा कारण समोर माणसाएवढाले हॉर्न, म्हणजे भोंग्याचे स्पीकर, होते. पॉल क्लिप्श यांचा १९४० च्या दशकातला कोपऱ्यात बसवायचा हॉर्न, त्याची सेन्सिटिव्हिटी कंपनी आजही १०५ डीबी सांगते. त्या काळात वॅट महाग होते म्हणून स्पीकर मोठे होते. मग १९५४ मधे एडगर विल्चर यांनी एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीतून बंद पेटीचा अकूस्टिक सस्पेन्शन स्पीकर आणला, छोट्या पेटीत खोल बास, घरात ठेवण्यासारखा, पण त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीत मोजायची. त्याच मंडळींपैकी हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे: छोटी पेटी, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. पुढे ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले आणि स्पीकरवाल्यांनी तिसरी गोष्ट बिनधास्त सोडून दिली. म्हणजे आज घरोघरी जे उंच सडपातळ टॉवर आहेत, तीन तीन वूफर आणि ४ ओहम, ते ट्रान्झिस्टर गृहीत धरूनच बनलेत. त्यांना १९३० च्या दशकातली ट्यूब लावून उबदार वाटायची वाट बघणं यात ट्यूबचा काय दोष!

पण म्हणून फक्त सेन्सिटिव्हिटी बघून चालतं असंही नाही, इथे बरेच जाणकारही घसरतात. बीबीसीचा एलएस३/५ए घ्या, सत्तरच्या दशकातला, बुटाच्या खोक्याएवढा, सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डीबी. कागदावर ट्यूब अॅम्पने त्याच्या वाटेलाही जाऊ नये. प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षं तो पुश पुल (ट्यूबची जोडी मिळून काम करते अशा) ट्यूब अॅम्पवर प्रेमाने ऐकत आलेत, का, तर मूळ मॉडेल १५ ओहमचं, इम्पिडन्स कधी फार खाली जात नाही, अॅम्पला करंट ओकावा लागत नाही. लहान खोली, जवळ बसायचं, मग वीसेक वॅट आरामात पुरतात. आणि दुसऱ्या टोकाला असे मोठे स्पीकर आहेत की जे ९१ डीबी सांगतात पण शंभर हर्ट्झच्या आसपास तीन ओहम आणि वर फेज अँगलही वाकडा, म्हणजे व्होल्टेज एकीकडे आणि करंट दुसरीकडे, तिथे ट्यूब अॅम्पचा घाम निघतो. मला विचाराल तर ८६ डीबीचा पण सपाट इम्पिडन्सवाला स्पीकर आणि ९१ चा वाकडातिकडा, यातला मी डोळे मिटून पहिला घेईन. अपोजीच्या सिंटिलासारखा १ ओहमचा रिबन स्पीकरही जगात होऊन गेलाय, त्याला तर भले भले ट्रान्झिस्टर अॅम्प घाबरायचे.

ट्यूब म्हणजे सिंगल एंडेडच असाही समज लेखातून होतो, तो काढून टाकायला हवा. १९४७ मधे विल्यमसन यांनी वायरलेस वर्ल्ड मासिकात जे डिझाइन छापलं ते पुश पुल, केटी६६ ट्यूबची जोडी, १५ वॅट, आणि २० डीबी फीडबॅक, आणि फीडबॅकने आउटपुट इम्पिडन्स इतका खाली आणलेला की वरच्या साडेतीन डीबीच्या भानगडी जवळपास संपतात. ईएल८४ ची जोडी दहा ते पंधरा वॅट देते, ईएल३४ ची पस्तीस आणि वर, केटी८८ ची पन्नासच्या पुढे, मॅकिन्टॉशचा एमसी२७५ तर १९६१ मधेच चॅनलला ७५ देत होता. ज्याच्याकडे साधे ८८-८९ डीबीचे स्पीकर आहेत आणि ते बदलायचे नाहीत त्याने ईएल३४ किंवा केटी८८ चा पुश पुल बघावा, विषय संपला. फीडबॅकचं नाव काढलं की नाक मुरडणारी एक जमात आहे, त्यांनी आपले हॉर्न जपावेत. ओटीएल, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच नसलेले ट्यूब अॅम्प, हा एक वेगळाच प्रांत, त्यांना १६ ओहम दिसले की आनंद होतो आणि ४ दिसले की रडू येतं, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

अॅम्प आणि स्पीकर एकमेकांसाठीच बनवले तर काय होतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे क्वाड ही कंपनी. पीटर वॉकर यांनी क्वाड टू हा पंधरा वॅटचा अॅम्प १९५३ मधे आणला आणि १९५७ मधे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर. त्या स्पीकरचा इम्पिडन्स खाली बासमधे भरपूर आणि वर ट्रेबलमधे घसरत घसरत अगदी कमी, म्हणजे नेहमीच्या स्पीकरच्या उलटाच कारभार, पण बनवणाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. तोच स्पीकर जास्त आउटपुट इम्पिडन्सच्या एखाद्या सिंगल एंडेडला लावा, वरचा सगळा चमचमाट विझलेला ऐकू येईल आणि कोणीतरी म्हणेल की बघा कसा गोड आवाज आहे.

जास्त सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरचंही सगळं गोडगोड नाही. १०३-१०५ डीबीचा हॉर्न लावला की संगीताबरोबर अॅम्पची घुरघुरही मोठी होते. ३००बी च्या फिलामेंटला (ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेला) एसी दिलेला असेल तर जो हम ८७ डीबीच्या स्पीकरवर कान लावूनही ऐकू येत नाही तो हॉर्नमधून खुर्चीपर्यंत येतो. अशा वेळी डीसी फिलामेंटवाला अॅम्प बघावा, आणि प्रीअॅम्पचा गेन उगाच जास्त ठेवू नये. घेण्याआधी तपासायचं तर गाणं न लावता अॅम्प चालू करून नुसतं शांत बसायचं, दहा मिनिटं. शोरूममधे हे कोणी करू देत नाही कारण सतत काहीतरी वाजतच असतं, तरी आग्रह धरायचा.

तिसरा रस्ता असा की खालचा बास ट्यूब अॅम्पच्या गळ्यातून काढूनच टाकायचा. स्वतःचा अॅम्प असलेला सबवूफर घ्यायचा आणि मुख्य स्पीकरला ऐंशी शंभर हर्ट्झच्या खालचं पाठवायचंच नाही, मग आठ वॅटही बरेच लांब जातात, कारण ट्रान्सफॉर्मरची खरी दमछाक खालच्याच सुरांत होते, लोखंड सॅच्युरेट होतं ते तिथेच. फक्त नुसता सब जोडून भागत नाही, मुख्य अॅम्पच्या आधी हाय पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) बसवायला लागतो, हे बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही.

आपल्या स्पीकरचा इम्पिडन्स घरी काढता येतो, आणि ज्यांना सोल्डरिंगची भीती नाही त्यांनी काढावाच. एक साधा ट्रान्झिस्टर अॅम्प घ्या, त्याच्या आउटपुटला १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर आणि स्पीकर असे मालिकेत जोडा, मोबाइलवरून सिग्नल जनरेटरने एकेक फ्रिक्वेन्सी सोडा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी स्पीकरवरचं आणि मग रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, गुणिले शंभर, झाला त्या फ्रिक्वेन्सीचा ओहम. २० पासून ४०० हर्ट्झपर्यंत कागदावर ठिपके मांडले तरी बासचे डोंगर आणि त्यानंतरची दरी स्वच्छ दिसते. स्वस्त मल्टीमीटर त्याच्या वर एसी नीट मोजत नाहीत, तिथून पुढे साउंड कार्ड आणि सॉफ्टवेअर. हा प्रयोग ट्यूब अॅम्प लावून मात्र करू नका, शंभर ओहम म्हणजे त्याच्यासाठी जवळपास काहीच लोड नाही. नुसता मीटर ओहमवर ठेवून स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स बघितला तरी थोडा अंदाज येतो, ८ च्या स्पीकरला साधारण साडेपाच ते साडेसहा दिसतात, साडेतीनच्या आसपास दिसले तर मागे काहीही छापलेलं असो, तो ४ ओहमचा आहे.

संपादक साहेब, एक विनंती. पुरवणीत अॅम्पचं किंवा स्पीकरचं परीक्षण छापाल तेव्हा वॅट आणि वजन आणि लाकडाचा रंग याबरोबर तीन आकडे छापत चला: स्पीकरचा सर्वात कमी इम्पिडन्स आणि तो कुठल्या फ्रिक्वेन्सीला, एका वॅटला खरी सेन्सिटिव्हिटी, आणि अॅम्पचा प्रत्येक टॅपवरचा आउटपुट इम्पिडन्स. जागा दोन ओळींची लागते. कंपनी देत नसेल तर देत नाही असं छापा, तेही वाचकाला उपयोगाचं आहे.

आणि जे तातडीचं आहे ते शेवटी. लेखाच्या चौकटीत स्पीकर बदलून तुलना कशी करायची ते सांगताना लिहिलंय की एक जोडी काढा आणि लगेच दुसरी लावा, अॅम्प गरमच राहू द्या. हे कृपया दुरुस्त करा. चालू ट्यूब अॅम्पला स्पीकर नसेल आणि सिग्नल आला तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर भयंकर व्होल्टेज चढतं, आत ठिणगी पडून ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबचा सॉकेट जाऊ शकतो, आणि ट्रान्सफॉर्मर हाच त्या अॅम्पमधला सगळ्यात महागडा पार्ट असतो. आधी अॅम्प बंद, मग काही मिनिटं थांबायचं, मग वायरी. आत हात तर घालायचाच नाही, बंद केल्यावरही कपॅसिटरमधे तीनशे चारशे व्होल्ट काही वेळ बसून असतात. येत्या रविवारी चौकटीतच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात हे छापलंत तर बरं होईल, कारण लेख वाचून या सुट्टीत स्पीकर बदलून बघणारे कमी नसतील.

आपला,
एक नियमित वाचक